शेर-मणापासून किलोपर्यंत: भारताचा मेट्रिक बदल आणि मुंबईतले रोजचे हिशेब (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जुने दागिने मोडताना, फ्लॅटचे क्षेत्रफळ तपासताना, जुन्या इमारतीची दुरुस्ती काढताना किंवा ओट्याखाली ट्रॉल्या बसवताना जी मापे आडवी येतात, त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. आमचे मत सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढच्या बहुतेक उत्तरांत ते दिसेल. कायद्याने वजन बदलता येते आणि भारताने ते उत्तम रीतीने बदलले. पण ज्या मालाचा साचा जुन्याच मापाचा राहिला, तिथे जुने माप आजही पैसे खाते.

भारत मेट्रिक नेमका कधी झाला?

वजने व मापे प्रमाणित करणारा कायदा संसदेने डिसेंबर १९५६ मध्ये केला. १ ऑक्टोबर १९५८ पासून निवडक क्षेत्रांत आणि निवडक उद्योगांत किलोग्रॅम वापरात आला. मग एकेका क्षेत्रात जुनी आणि नवी वजने काही काळ शेजारी शेजारी चालली आणि १ एप्रिल १९६२ पासून व्यापारात मेट्रिक वजनेच सक्तीची झाली. लांबीचे मीटर आणि द्रवाचे लिटर वेगवेगळ्या तारखांना, टप्प्याने आले. आज १९५६ चा कायदा लागू नाही. त्याची जागा आधी १९७६ च्या कायद्याने आणि मग वैध मापन कायदा, २००९ ने घेतली असून तो १ एप्रिल २०११ पासून अमलात आहे.

त्याआधी कुणी प्रयत्नच केला नव्हता का?

केला होता. १८७० आणि १८७१ साली ब्रिटिश सरकारने असा कायदा केला होता की ‘शेर’ म्हणजे बरोबर एक किलोग्रॅम. तो कागदावरच राहिला, अमलात आला नाही. १९३९ च्या कायद्याने १८० ग्रेनचा (ग्रेन हे बारीक इंग्रजी वजन) तोळा, ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण असे देशभरचे प्रमाण ठरवले. तरी बाजारपेठ बदलली की शेर बदलायचा, ही अडचण संपली नाही. स्वातंत्र्यानंतर भारतीय मानक संस्थेने आणि तिचे संचालक डॉ. लालचंद वर्मन यांनी मेट्रिकचा आग्रह धरला. नव्या एककांना देशी नावे द्यावीत अशी सूचनाही आली होती. ती न स्वीकारता मीटर, ग्रॅम, लिटर हीच नावे सर्व भाषांत ठेवली, हे आमच्या मते फार शहाणपणाचे झाले. नव्या वजनाला ‘शेर’ म्हटले असते तर दुकानात रोज नवा शेर की जुना, यावर वाद झाला असता.

आधी नाणी का बदलली?

वजन दशमान आणि पैसा सोळा आण्यांचा, असा हिशेब कुणालाच जमला नसता. म्हणून १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. त्याआधी रुपया म्हणजे १६ आणे, ६४ पैसे किंवा १९२ पै. ‘नवा’ हा शब्द १ जून १९६४ ला गळला.

गोची आण्यात होती. एक आणा म्हणजे ६.२५ नवे पैसे, आणि पाव पैशाचे नाणे नव्हते. तक्त्याप्रमाणे एका आण्याला ६, दोन आण्यांना १२, तीनला १९ आणि चारला २५ नवे पैसे पडत. म्हणजे एकेका आण्याची वस्तू तीनदा घेतली तर १८ आणि तीन आण्यांची एकदम घेतली तर १९. फरक एका पैशाचा, पण ज्याचा धंदा आण्या-दोन आण्यांच्या मालावर चालतो त्याच्या गल्ल्यात तो दिवसाअखेर दिसतो. चार, आठ आणि बारा आणे मात्र २५, ५० आणि ७५ असे स्वच्छ बसतात. ‘चार आणे’, ‘आठ आणे’ बोलण्यात टिकले याचे कारण हेच.

शेराचा भाव किलोत बदलताना काय चुकत असे?

शेर ९३३.१ ग्रॅमचा, किलो त्याहून थोडा मोठा. त्यामुळे शेराचा भाव किलोत नेताना १.०७१७ ने गुणायला हवे, आणि मणाचा भाव क्विंटलमध्ये नेताना २.६७९२ ने. बारा आणे शेराची वस्तू आधी ७५ नवे पैसे शेर झाली आणि मग साधारण ८० नवे पैसे किलो. ३० रुपये मणाचा माल ८० रुपये ३८ पैसे क्विंटल.

इथे दोन गैरसमज एकमेकांना भिडत. गिऱ्हाइकाला वाटे, भाव ७५ चा ८० झाला म्हणजे दुकानदाराने वाढवला. आणि एखादा दुकानदार ८० ऐवजी ८५ लावून ती वाढ खरोखरच लपवू शके. आण्याचा पैसा करताना एकदा आणि शेराचा किलो करताना दुसऱ्यांदा असे दोनदा पूर्णांकन केले की भाव कुठल्या कुठे सरकतो. आजही नियम तोच आहे: मधल्या पायरीवर आकडा तोडू नका, शेवटच्या उत्तरावर एकदाच पूर्णांकन करा.

मण आणि खंडी म्हणजे आज किती किलो?

कोणता मण, हे आधी विचारा. १९३९ च्या कायद्याचा ४० शेरांचा मण ३७.३२ किलोचा. जुना मुंबई मण मात्र २८ पौंडांचा, म्हणजे १२.७ किलोचा. गुजरातकडच्या व्यापाऱ्याच्या तोंडी मण आला तर तो २० किलोचा असू शकतो. जुन्या चोपडीतला ‘५ मण’ वाचताना गाव आणि माल दोन्ही कळल्याशिवाय आकडा लिहू नये.

खंडीचेही तसेच. २० मुंबई मणांची खंडी ५६० पौंडांची, सुमारे २५४ किलो. कापसाची खंडी ७८४ पौंडांची, म्हणजे ३५५.६ किलो, आणि कॉटन ग्रीनच्या कापूस बाजारात भाव आजही त्याच खंडीत बोलला जातो. क्विंटलचा भाव हवा असेल तर खंडीच्या भावाला ३.५५६ ने भागा. १७० किलोच्या गाठी धरल्या तर एका खंडीत २.०९ गाठी बसतात. गावाकडची धान्याची खंडी पायलीवर मोजलेली असते. ती घनफळाची आहे, वजनाची नाही.

आजीच्या वहीत ‘पायली’, ‘शेर’, ‘मापटे’ लिहिले आहे. ग्रॅम कसे काढायचे?

भाजणीसाठी ‘पायलीभर तांदूळ’ लिहिले असेल तर ते माप आहे, वजन नव्हे. पायलीत चार शेर, पण हा शेर भांड्याचा. त्याचा आकार जिल्ह्यागणिक वेगळा, म्हणून कुठल्याही तक्त्यावर विसंबू नका. घरात ते जुने भांडे असेल तर ते रिकामे तोलून पाण्याने काठोकाठ भरा आणि पुन्हा तोला. पाण्याचे वजन जितके ग्रॅम तितकी त्याची मिलिलिटर क्षमता. मग त्याच भांड्याने तांदूळ, चणाडाळ, उडीद एकेकदा भरून तोला आणि वहीत शेजारी ग्रॅम लिहून ठेवा. धान्य शीग लावून मोजायचे की सपाट, हेही लिहा. पायलीवर शीग चांगलीच भरते. भांडे उरले नसेल तर एकच वाटी घेऊन वहीतले प्रमाण जसेच्या तसे ठेवा. भाजणी प्रमाणावर जमते.

झवेरी बाजारात तोळा म्हणजे किती?

बोलण्यात १० ग्रॅम, कारण मुंबईत सोन्याचा भाव १० ग्रॅमचा निघतो. खरा तोळा ११.६६४ ग्रॅम. १२ मासे म्हणजे एक तोळा, ८ गुंजा म्हणजे एक मासा. दहा तोळ्यांचे बिस्किट ११६.६४ ग्रॅमचे असते, १०० चे नाही.

आजीच्या काळातल्या पावतीवर ‘पाटल्या ५ तोळे’ असेल तर ते ५८.३२ ग्रॅम. कुणी ते ५० ग्रॅम धरून हिशेब केला तर ८.३२ ग्रॅम, म्हणजे सातवा हिस्सा सोने गेले. त्यामुळे मोडीला जाताना तोळा हा शब्दच काढू नका. दागिना तुमच्यासमोर ग्रॅममध्ये, दोन दशांश स्थळांपर्यंत तोलून घ्या; खडे आणि आत भरलेली लाख किती वजा केली ते वेगळे लिहून घ्या; मग शुद्धता विचारा. झिजेमुळे वजन पावतीपेक्षा थोडे कमी भरू शकते, पण सातव्या हिश्श्याने नाही. खड्याचा कॅरट ०.२ ग्रॅमचा असतो. सोन्याचा कॅरट शुद्धता सांगतो, त्याचा वजनाशी संबंध नाही.

फ्लॅटच्या करारात चौरस मीटर आणि बोलण्यात चौरस फूट. कोणते धरायचे?

करारातले. महारेराच्या (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाच्या) नोंदीत, मिळकत पत्रिकेवर आणि मुद्रांक शुल्काच्या वार्षिक दर तक्त्यात क्षेत्रफळ चौरस मीटरमध्येच असते. १ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. ४५.५० चौरस मीटर कार्पेट म्हणजे ४८९.८ चौरस फूट. जाहिरातीत त्याचे ‘५००’ होतात आणि दहा चौरस फुटांचे पैसे हवेत जातात. मुंबईत दहा चौरस फूट म्हणजे लाखांत मोजायची गोष्ट आहे.

कार्पेट म्हणजे काय हेही पक्के असावे. रेरा कायद्यानुसार घरातल्या आतल्या भिंती त्यात येतात. बाहेरच्या भिंती, डक्ट, खास तुमच्या वापराची बाल्कनी आणि उघडी गच्ची येत नाही. तपासायचे तर प्रत्येक खोली मीटरमध्ये मोजा, मीटरमध्येच गुणा, आतल्या भिंतींची जागा धरून बेरीज करा आणि अगदी शेवटी १०.७६४ ने गुणा. फूट-इंचात मोजून ‘१० फूट ६ इंच’ म्हणजे १०.६ लिहिणे ही सर्रास होणारी चूक आहे, ते १०.५ असते.

मुंबई महापालिका हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या निवासी घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. ही मर्यादा ४६.४५ चौरस मीटर. घर मर्यादेच्या जवळपास असेल तर नोंदीतला चौरस मीटरचा आकडा दशांशासह पाहा.

सातबाऱ्यावरचा ‘आर’ म्हणजे गुंठाच ना?

नाही. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा म्हणजे ३३ × ३३ फूट, १,०८९ चौरस फूट, १०१.१७ चौरस मीटर. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असे असते. २० आर आणि २० गुंठे यांत सुमारे २३ चौरस मीटरचा फरक पडतो. शेतात तो चालून जातो, पनवेल-कर्जतच्या प्लॉटवर चालत नाही.

मुंबई शहरातल्या जुन्या दस्तांत क्षेत्र चौरस वारांत सापडते. १ चौरस वार म्हणजे ०.८३६१ चौरस मीटर. वार ०.९१४४ मीटरचा, म्हणून क्षेत्रालाही ०.९१४४ नेच गुणणारे भेटतात. ५०० चौरस वारांचे ४१८ चौरस मीटर होतात, ४५७ नाहीत. एककाचा वर्ग केला तर गुणकाचाही वर्ग करायचा.

आमची इमारत मेट्रिकच्या आधीची आहे. दुरुस्तीत काय सांभाळावे?

दोन गोष्टी. पहिली नकाशाची. जुने नकाशे बहुधा ‘१ इंच = ८ फूट’ या प्रमाणात असतात, म्हणजे १:९६. त्यावर आजची १:१०० ची पट्टी लावली तर २४ फुटांची भिंत ७.३२ ऐवजी ७.६२ मीटर वाचली जाते. लांबीत ४ टक्के, क्षेत्रात साडेआठ टक्के चूक, आणि त्यावर प्लास्टरचे बिल निघते. झेरॉक्सवर तर पट्टी लावूच नये, प्रत लहान-मोठी झालेली असते. नकाशावर लिहिलेला आकडा घ्यावा किंवा जागेवर टेप लावावी.

दुसरी गोष्ट सळ्यांची, आणि ती जास्त गंभीर. जुन्या सळ्या सुतात असतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. साइटवर ‘चार सूत म्हणजे बारा एमएम’ असे सहज म्हटले जाते. पण चार सूत १२.७ मिलिमीटर. सळीची ताकद व्यासाच्या वर्गावर जाते, त्यामुळे १२ मिलिमीटरची सळी घातली की पोलादाचे क्षेत्र जवळपास ११ टक्क्यांनी घटते. तीन सुतांच्या जागी १० मिलिमीटर घातली तर उलट १० टक्के जास्त पडते, पाच सुतांना १६ मिलिमीटर जवळजवळ बरोबर बसते, सहा सुतांना २० मिलिमीटर जास्त, आणि आठ सुतांना २५ मिलिमीटर ३ टक्के कमी. पोलादाची जात बदलली असेल तर हिशेब आणखी वेगळा. म्हणून सुताच्या बदल्यात मिलिमीटर हा निर्णय मुकादमाचा नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा आहे. बिल तपासायचे सूत्र सोपे: व्यासाचा वर्ग भागिले १६२ म्हणजे एका मीटरचे किलो. १२ मिलिमीटरची सळी मीटरला ०.८८९ किलो.

ट्रॉल्या ओट्याखाली का बसत नाहीत?

कारण ओटा फुटांत आणि कपाटे मिलिमीटरमध्ये. ‘दोन फुटी’ कपाट कारखान्यात ६०० मिलिमीटरचे बनते, दोन फूट मात्र ६०९.६. दहा फुटी ओट्याखाली पाच कपाटे लावली की ४८ मिलिमीटरची फट उरते. उलट सुताराने ६१० ची पाच कपाटे केली आणि भिंतीवर प्लास्टर जाड बसले, तर शेवटचे आत जातच नाही. सगळ्या कामाला एकच भाषा ठरवा, शक्यतो मिलिमीटर. टेपच्या दोन्ही कडांवर आकडे असतात. मोजणाऱ्याने आणि कापणाऱ्याने एकच कड वाचायची. प्लायवूड ८ × ४ फूट म्हणून विकले जाते आणि त्याची जाडी मिलिमीटरमध्ये सांगतात, म्हणजे एकाच फळीवर दोन पद्धती. पट्ट्यांचा हिशेब २४४० × १२२० वर करा आणि करवतीच्या प्रत्येक कापाला ३ ते ४ मिलिमीटर सोडा.

अर्धा इंची नळ आणि १५ मिलिमीटरचा नळ एकच का?

हो, कारण दोन्ही नुसती नावे आहेत. अर्ध्या इंचाच्या जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पाइपचा बाहेरचा व्यास सुमारे २१ मिलिमीटर भरतो. कुठेच १५ नाही आणि १२.७ ही नाही. पाइपाचे आटे जगभर इंचावरच राहिले, म्हणून कागदावर १५ लिहिले तरी नळ बसतो. सीपीव्हीसीचा (प्लास्टिकचा) अर्धा इंची पाइप मात्र बाहेरून १५.९ मिलिमीटरचा, त्यामुळे तो जीआयच्या फिटिंगमध्ये थेट जात नाही, आट्याचा अडॅप्टर लागतो.

बोल्टचे तसे नाही. नागदेवीच्या हार्डवेअर बाजारातून आणलेला अर्धा इंची नट १२ मिलिमीटरच्या बोल्टवर एक-दोन आटे फिरतो आणि बसल्यासारखा वाटतो, पण आट्यांचे अंतर वेगळे, इंचात १२ आटे विरुद्ध १.७५ मिलिमीटर. ताण आला की सुटतो. जुना बोल्ट सोबत नेऊन नट लावून बघा.

वाळू अजून ब्रासमध्ये का?

ट्रकचा हौदा फुटांत बनतो आणि रॉयल्टीही ब्रासवर लागते, म्हणून. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. हौदा १४ × ७ × ३ फूट असेल तर २९४ घनफूट, २.९४ ब्रास, ८.३ घनमीटर. उंची मधल्या ढिगाची घेऊ नका, माल सपाट करून चार कोपऱ्यांत सळई खुपसून सरासरी काढा. किंचित ओली वाळू फुगते, बारीक असेल तर पाव हिश्श्यापर्यंत, म्हणून एकाच ब्रासमध्ये पावसाळ्यात वाळू कमी येते. काट्यावर वजन केले तरी ओलाव्याचे वजन धरावे लागते; कोरडी वाळू ब्रासला अंदाजे साडेचार टन.

काँक्रीटला घमेल्याने मोजू नका, फर्मा वापरा. ५० किलो सिमेंटची गोणी म्हणजे ३५ लिटर. आतून ४० × ३५ × २५ सेंटीमीटरचा फर्मा बरोबर तेवढा भरतो.

नऊवारी म्हणजे किती मीटर?

८.२३ मीटर. सहावारी ५.४९ मीटर, ब्लाउजपीस धरून सव्वासहाच्या आसपास.

‘दीड टन’ एसीचे वजन दीड टन का नसते?

तो टन थंडाव्याचा आहे. १ टन म्हणजे ३.५२ किलोवॅट, दीड टन ५.२८ किलोवॅट. ही उष्णता खेचण्याची क्षमता आहे, विजेचा खप त्याहून खूप कमी असतो.

आज एखाद्या देशाला बदल करायचा तर क्रम काय असावा?

आधी प्रमाण वजने आणि ती तपासणाऱ्या प्रयोगशाळा, मग पुरेशी नवी वजने बाजारात, मग कायद्याची पक्की तारीख, थोडाच दुहेरी काळ, आणि तारीख उलटताच जुनी वजने जप्त. भारताने हेच केले. ऑस्ट्रेलियाने रस्त्यांवरचे फलक जुलै १९७४ या एका महिन्यात मैलांतून किलोमीटरमध्ये नेले. अमेरिकेने १९७५ चा कायदा ऐच्छिक ठेवला आणि बदल अर्धवट राहिला. ब्रिटनने १९६५ पासून सुरुवात केली, तरी तिथले रस्ते अजून मैलांत आहेत.

दुहेरी काळ सर्वांत धोक्याचा. कॅनडात १९८३ साली एका बोइंग ७६७ विमानाला २२,३०० किलो इंधन हवे होते. लिटरचे वजन काढताना किलोचा ०.८ हा गुणक घेण्याऐवजी पौंडाचा १.७७ घेतला गेला आणि निम्म्याहून कमी इंधनावर विमान उडाले. हवेत इंजिने बंद पडली, वैमानिकांनी ते गिमली इथे तरंगत उतरवले आणि सगळे वाचले.

वजनांबरोबर मालाचा साचाही बदलायला हवा. भारतीय मानकाने १९० × ९० × ९० मिलिमीटरची वीट ठरवली, जी १० मिलिमीटर सांध्यासह २०० × १०० × १०० होते. भट्ट्यांनी बऱ्याच ठिकाणी ९ इंची साचेच ठेवले, आणि भिंती अजून ‘साडेचार इंची’ व ‘नऊ इंची’ आहेत.

भाजीवाल्याचा किलो खरा आहे हे कशावरून?

दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत भारताचा ५७ क्रमांकाचा प्रमाण किलोग्रॅम आहे. त्यावरून प्रादेशिक प्रयोगशाळांची प्रमाणे, त्यावरून राज्याची, आणि त्यावरून निरीक्षकाची वजने जुळवली जातात. २० मे २०१९ पासून किलोची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे भौतिकशास्त्रातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावर आहे, पण दुकानातल्या वजनात त्याने फरक पडलेला नाही.

दुकानात पाहायचे ते असे. लोखंडी वजन षटकोनी असते आणि खालच्या भोकात शिशाच्या गुंडीवर शिक्का असतो. गुंडी नसेल तर वजन घेऊ नका. वजनांची पडताळणी दर २४ महिन्यांनी आणि इलेक्ट्रॉनिक काट्याची दर १२ महिन्यांनी व्हावी लागते, तिचे प्रमाणपत्र दुकानात असते. माल ठेवण्याआधी काट्यावर शून्य दिसावे, आणि पिशवी किंवा टोपली ठेवली असेल तर ती ठेवल्यानंतर शून्य करावे. ‘पावशेर’ मागितले तरी मिळायला हवेत २५० ग्रॅम. बंद पुडी काट्यावर ठेवून काटा तपासू नका: ५०० ग्रॅम ते १ किलोच्या पुडीला १५ ग्रॅमपर्यंत फरकाची मुभा आहे, शिवाय वेष्टनाचे वजन वेगळे. मासळी बाजारात वाट्यावर घेतलेले मासे किलोच्या भावाशी ताडायचे तर आधी तोलून मागा.

वजन कमी भरले तर पावती, तारीख, दुकानाचा पत्ता आणि काट्यावरच्या आकड्याचा फोटो घेऊन राज्याच्या वैध मापन कार्यालयाकडे तक्रार करा, किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर १९१५ ला फोन करा. माल वापरून संपवण्याआधी करा. तोललेली वस्तू हाच पुरावा असतो.